आयाचं परतीचं तिकीट

आपले हे भाग पुण्या-मुंबईत ऐकले जातात, तसे बेळगावात, हैदराबादला, इंदूरला, बडोद्यालाही ऐकले जातात. आजचा भाग बेंगळुरूचा आहे. सुरुवात एका घरापासून करू. हे घर मी कल्पनेनं उभं केलं आहे, पण तुमच्यापैकी अनेकांना ते ओळखीचं वाटेल.

बेंगळुरूच्या जयनगरातला एक फ्लॅट. त्यात ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी राहतात. नवरा नोकरीनिमित्त इथं आला, घर झालं, मुलगा इंजिनिअर झाला आणि टोरांटोला गेला. मागच्या वर्षी आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ब्युरोमार्फत आलेली एक मुलगी त्यांच्याजवळ चोवीस तास असते. ती ओडिशातल्या सुंदरगडची. तिचं स्वतःचं चार वर्षांचं पोर गावी तिच्या आईकडे आहे. तिकडे टोरांटोत सून नोकरी करते, आणि आजींच्या नातवाला सांभाळायला एक फिलिपिनो बाई येते. तिचीही मुलं मनिलाजवळच्या एका गावात मावशीकडे वाढताहेत.

आता हे सगळं ओळीत मांडून बघा. टोरांटोतलं बाळ फिलिपिनो बाईच्या हातात, तिची मुलं मावशीच्या हातात. बेंगळुरूतल्या आजी सुंदरगडच्या मुलीच्या हातात, तिचं पोर आजीच्या हातात. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली याला ‘काळजीची जागतिक साखळी’ असं नाव दिलं. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो रासेल पारेनियास यांच्या कामाचा. पारेनियास यांनी रोम आणि लॉस एंजेलिसमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांचा अभ्यास केला होता.

आपल्याला वाटतं, ही साखळी नवीन आहे, आयटीबरोबर आली, विमानांबरोबर आली. तसं नाही. तिची पहिली कडी दोनशे वर्षांपूर्वीची आहे, आणि ती आपल्याच देशातून, याच बेंगळुरूसारख्या छावण्यांमधून निघते. या दोनशे वर्षांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : दुसऱ्याच्या माणसाची काळजी घ्यायला घर सोडून गेलेल्या बाईचा कागद कोणाच्या हातात असतो? कधी तो कागद बोटीचं तिकीट असतो, कधी पासपोर्ट, कधी शाळेचा दाखला. पण ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात ती बाई, असंच चालत आलं आहे.

‘आया’ हा शब्द

आधी शब्दापासून सुरुवात करू. शाळेत लहान मुलांना बाथरूमला नेणारी आया असते, दवाखान्यात आया असते. मराठीत ‘आया’ म्हटलं की ‘आई’चं अनेकवचनही होतं, म्हणून आपल्याला वाटतं हा शब्द आईवरून आला. तो आला पोर्तुगीजमधून. पोर्तुगीज भाषेत ‘आइआ’ म्हणजे मूल सांभाळणारी बाई. गोवा, वसई, मुंबई या किनाऱ्यावरून तो आपल्या भाषांत शिरला, आणि इंग्रजांनी तो आपल्याकडून उचलला.

आपल्या इतिहासात दुसऱ्याचं मूल वाढवणारी एक बाई नावानं आठवली जाते. कापूरहोळची धाराऊ गाडे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, आणि धाराऊनं त्यांना दूध पाजलं. तिचं नाव राहिलं कारण मूल राजाचं होतं. पण ज्या हजारो बायकांनी इंग्रज अधिकाऱ्यांची मुलं वाढवली, त्यांची नावंसुद्धा राहिली नाहीत. बोटींच्या प्रवासी याद्या उघडल्या तर साहेबाचं नाव असतं, मडमेचं असतं, मुलांची असतात, आणि शेवटी नुसतं ‘आया’ किंवा ‘अमक्या बाईसाहेबांची आया’ असं लिहिलेलं असतं. इतिहासकाराला इथंच अडायला होतं. माणूस दिसतं, पण नाव नाही, गाव नाही.

छावणी, रेल्वे आणि बोट

आता बेंगळुरूकडे येऊ. आपल्या लोकांना बेंगळुरू म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते, ती सतराव्या शतकातली. आजच्या शहराचा पूर्व भाग मात्र वेगळ्या कारणानं वाढला. १७९९ साली टिपू सुलतान पडला. इंग्रजांचं सैन्य श्रीरंगपट्टणला होतं, पण तिथली हवा त्यांना मानवेना, माणसं तापानं मरायला लागली. म्हणून १८०९ साली बेंगळुरूला छावणी वसवली. इथली हवा थंड. मग बंगले आले, बागा आल्या, चर्च आली, आणि प्रत्येक बंगल्यामागे नोकरांच्या खोल्यांची ओळ आली. बटलर, आचारी, धोबी, माळी आणि मूल असेल तर आया. नोकरमंडळींत तमिळ बोलणारे खूप होते, कारण सैन्याबरोबर मद्रासकडून माणसं आली होती. म्हणजे छावणीतले नोकरही स्थलांतरितच.

१८६४ साली मद्रासकडून येणारी रेल्वे बेंगळुरू छावणीपर्यंत पोचली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. या दोन गोष्टींनी साहेबाच्या कुटुंबाचा प्रवास सोपा केला. सुट्टीवर विलायतेला जायचं, मुलांना तिकडच्या शाळेत घालायचं, बाळंतपणाला जायचं. आणि बोटीवर तीन-चार आठवडे दोन-तीन लहान मुलं कोण सांभाळणार? आया. मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून आयांना बरोबर घेऊन कुटुंबं निघू लागली. ‘प्रवासी आया’ असा एक धंदाच तयार झाला.

या धंद्यात काही बायका अगदी मुरलेल्या होत्या. १९२२ सालच्या एका इंग्रजी मासिकात अँथनी परेरा नावाच्या एका आयाबाईंची हकिकत आली आहे. त्यांनी तोवर चोपन्न वेळा हा समुद्रप्रवास केला होता! आडनावावरून त्या आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या ख्रिस्ती असाव्यात असं वाटतं. बोट लागली की मडम अंथरुणाला खिळायची, आणि या बाई मुलांना घेऊन डेकवर फिरायच्या. हवा कशी बदलते, मुलाला काय खायला द्यायचं, कोणत्या बंदरात काय मिळतं, हे सगळं त्यांना पाठ. आजच्या भाषेत त्या कुशल कामगार होत्या. पण त्यांना कोणी कुशल म्हटलं नाही. ‘मायाळू’ म्हटलं.

लंडनमधलं आयांचं घर

इथं परतीच्या तिकिटाचा प्रश्न येतो. कुटुंब लंडनला पोचलं, मुलं आजीच्या ताब्यात गेली, की आयाचं काम संपलं. आता तिला परत कोण पाठवणार? ठरलेलं असायचं की मालक परतीचं भाडं देईल. पण हे तोंडी ठरलेलं. काही मालक शब्द पाळत, काही पाळत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्व लंडनमध्ये बंदराजवळच्या एकाच भाड्याच्या घरात पन्नास-साठ आया दाटीवाटीनं राहत असल्याची ओरड झाली होती. भाषा येत नाही, थंडीचे कपडे नाहीत, परतीचे पैसे नाहीत.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ उभं राहिलं. आधी ते ऑल्डगेट भागात होतं. १९०० साली लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेनं ते ताब्यात घेतलं आणि हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरच्या मोठ्या घरात हलवलं. तिथं तीस खोल्या होत्या. भारतातल्या आया तिथं असत, तशा चीनकडून आलेल्या ‘अमा’ही असत. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे, प्रार्थना-भजनं व्हायची. पण डोक्यावर छप्पर होतं, आणि आपल्यासारख्या दुसऱ्या बायका होत्या.

हे घर चालायचं कसं, ते नीट लक्षात घ्या, कारण आजच्या ब्युरोचा पाया तिथं आहे. चांगला मालक आयाला तिथं आणून सोडायचा आणि तिचं परतीचं तिकीट घराच्या बाईसाहेबांकडे द्यायचा. मग भारतात निघालेलं दुसरं कुटुंब शोधलं जायचं, ज्यांना बोटीवर आया हवी आहे. ते कुटुंब तिच्या प्रवासाचा खर्च द्यायचं. आधीच्या तिकिटाच्या पैशांतून तिचा तोवरचा राहण्या-जेवणाचा खर्च भागायचा. व्यवस्था म्हणून चोख! कोणाचं नुकसान नाही. पण बघा, या सगळ्या व्यवहारात तिकीट एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि जिच्या नावाचं ते आहे तिच्या हातात ते येतच नाही. ती कधी निघणार, कोणाबरोबर निघणार, हे ठरवणारे दुसरेच.

आणि मालक वाईट निघाला तर? १९०८ सालचं एक प्रकरण इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहे. मुंबईहून आलेली एक आया, एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि शेवटी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर तिच्या हातात एक पौंड ठेवून तिला सोडून दिलं गेलं. तक्रार वरपर्यंत गेली. सरकारचं म्हणणं असं, की हा मालक-नोकरामधला खासगी मामला. ‘खासगी मामला’ हे शब्द लक्षात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

साम्राज्य गेलं, आयांचं घर बंद पडलं, लोक विसरले. जून २०२२ मध्ये हॅकनीच्या त्या घरावर इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं निळी पाटी बसवली. त्यासाठी फरहाना मामूजी या लंडनच्या तरुणीनं काही वर्षं पाठपुरावा केला होता.

मनिला : सरकारच जेव्हा एजंट होतं

आयांचा काळ संपला, पण काळजी घेणाऱ्या बाईची गरज संपली नाही. उलट वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत देशांत बायका नोकरीला बाहेर पडल्या, माणसं जास्त जगू लागली, आणि घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल सांभाळायला कोणी उरलं नाही. ही जागा भरायला सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या संख्येनं जो देश पुढे आला, तो फिलिपिन्स.

याला कारणं आहेत. १८९८ साली फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. अमेरिकेनं तिथं इंग्रजी शाळा काढल्या, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अमेरिकन पद्धतीच्या नर्सिंग शाळा काढल्या. १९४८ पासून विनिमय योजनेखाली फिलिपिनो नर्सेस अमेरिकन इस्पितळांत जाऊ लागल्या. पुढे १९७४ साली फर्डिनांड मार्कोस यांच्या हुकूमशाहीत नवा कामगार कायदा आला. देशात बेकारी होती, परकीय चलन हवं होतं. मग माणसं बाहेर पाठवणं हेच सरकारचं धोरण झालं. आज बाहेरून येणारा पैसा तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण आठ-नऊ टक्के आहे. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझॉन अकिनो यांनी परदेशी काम करणाऱ्यांना ‘नवे वीर’ म्हटलं.

वीर म्हणणं सोपं असतं. १९९५ साली सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो मोलकरणीला फाशी दिली गेली. दुसऱ्या एका फिलिपिनो मोलकरणीच्या आणि तिनं सांभाळलेल्या मुलाच्या खुनाचा आरोप तिच्यावर होता. ती निर्दोष आहे अशी तिच्या देशात लाखो लोकांची खात्री होती. लोक रस्त्यावर आले, परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे २००६ मध्ये तिथल्या सरकारनं घरकामासाठी बाहेर जाणाऱ्या बाईचा किमान पगार महिना चारशे डॉलर ठरवला, आणि तिच्याकडून एजंटनं फी घ्यायची नाही असा नियम केला. नियम मोडले जातात, कागदावर एक पगार आणि हातात दुसरा असं सर्रास होतं. तरीपण एक गोष्ट झाली. ‘खासगी मामला’ हे उत्तर आता चालेनासं झालं. तिच्या नोकरीचा करार सरकारदरबारी नोंदला जाऊ लागला.

वस्ती करायची परवानगी

आता पुढचा प्रश्न. अशी बाई त्या नव्या देशात राहू शकते का? घर करू शकते का? याचं उत्तर प्रत्येक देशानं वेगळं दिलं, आणि त्या उत्तरानं बायकांची आयुष्यं ठरली.

हाँगकाँगला रविवारी गेलात तर बँकांच्या उंच इमारतींखाली, चौकात, पुलांवर हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या दिसतात. डबे उघडतात, केस विंचरतात, गावी व्हिडिओ कॉल लावतात. तो त्यांचा सुट्टीचा दिवस. घर नाही, म्हणून रस्त्यावर. १९८७ पासून तिथं नियम आहे, की नोकरीचा करार संपला की दोन आठवड्यांत देश सोडायचा. म्हणून मालक कितीही छळत असला तरी बाई गप्प बसते. इतर परदेशी माणसांना सात वर्षं राहिल्यावर कायमचं राहता येतं. घरकाम करणाऱ्यांना नाही. १९८६ पासून तिथं काम करणारी एक फिलिपिनो बाई याविरुद्ध कोर्टात गेली, आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च कोर्टानं तिच्या विरुद्ध निकाल दिला. पंचवीसहून जास्त वर्षं राहूनही ती कायद्याच्या दृष्टीनं पाहुणीच.

कॅनडानं दुसरी वाट घेतली. १९९२ च्या योजनेत मालकाच्या घरी राहून चोवीस महिने काळजीचं काम केलं, की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येई, मुलांना आणता येई. हजारो फिलिपिनो कुटुंबं अशी कॅनडात स्थिरावली. पण ते चोवीस महिने बाई मालकाच्या घरात बांधलेली. बोलली तर महिने फुकट जातील. आणि अर्जाचा निकाल लागून मुलं येईपर्यंत बरीच वर्षं जात. आई विमानतळावर घ्यायला जायची, आणि समोर ओळखू न येणारा वयात आलेला मुलगा. २०१४ मध्ये मालकाच्या घरी राहण्याची सक्ती गेली. २०१९ च्या नव्या योजनेत परवाना एका मालकाशी न बांधता त्या कामाशी बांधला गेला, आणि कुटुंबाला बरोबर नेता येऊ लागलं. साधा बदल, पण त्यामुळे बाईला ‘मी दुसरीकडे जाते’ असं म्हणता आलं.

आणि लंडन? जिथं आयांना स्टेशनवर सोडलं जायचं, तिथं १९९८ साली परदेशी घरकामगारांना मालक बदलण्याचा हक्क मिळाला. २०१२ मध्ये तो काढून घेतला, २०१६ मध्ये थोडासा परत दिला. म्हणजे शंभर वर्षांनंतरही वाद त्याच गोष्टीचा.

बेंगळुरूहून जाणाऱ्या

आता जग फिरून पुन्हा बेंगळुरूत येऊ. कारण या शहरातून काळजी घेणाऱ्या बायका बाहेर जातात, आणि याच शहरात त्या बाहेरून येतातही.

आधी जाणाऱ्या. बेंगळुरूत १८५४ साली गुड शेफर्ड संघाच्या जोगिणी युरोपातून आल्या, आणि १८८६ मध्ये त्यांनी सेंट मार्थाज हॉस्पिटल सुरू केलं. आजाऱ्याचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं ही कामं त्या काळी आपल्याकडच्या वरच्या जातींना विटाळाची वाटत. म्हणून नर्सिंगमध्ये आधी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली आल्या. महाराष्ट्रात ही भिंत पाडायला रमाबाई रानड्यांना झगडावं लागलं. १९०९ च्या पुणे सेवासदनानं मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या बाया हे काम करतात का, म्हणून लोक बोलले.

केरळच्या मुली १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीला गेल्या, १९७० नंतर आखातात. मागणी इतकी वाढली की केरळातल्या जागा पुरेनात, आणि शिकायला बेंगळुरू गाठायची रीत पडली. १९९६ साली राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथं सुरू झालं, आणि त्याच्या छत्राखाली नर्सिंग महाविद्यालयं झपाट्यानं वाढली. आज केरळ, बंगाल, ईशान्येकडची राज्यं, सगळीकडच्या मुली इथं शिकतात. इंदिरानगरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांत नर्सेसही असतात, कारण जर्मनीला पुन्हा नर्सेस हव्या आहेत. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनंही जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्यात रुग्णसेवेचं कामही आहे.

पण हा रस्ता कर्जाचा आहे. बाप जमीन गहाण टाकतो, बँकेचं कर्ज काढतो. मुलगी शिकते, आणि आधी इथंच दोन-तीन वर्षं अनुभव घ्यावा लागतो. इथं पुन्हा कागद आला. अनेक खासगी रुग्णालयांत रीत होती, की नोकरी लागताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची आणि बाँड लिहून घ्यायचा. सोडून जायचं तर पैसे भर. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ इथल्या नर्सेस संपावर गेल्या, तेव्हा पगाराइतकीच मोठी मागणी होती ‘आमची सर्टिफिकेटं परत द्या’ ही. पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं शिफारस केली, की लहानात लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये. शिफारस अजून अनेक ठिकाणी शिफारसच आहे.

परदेशी जायची वेळ आली की एजंट. आखातातल्या नोकरीसाठी सरकारी मर्यादेच्या कैक पट, लाखांत पैसे घेतले जात. म्हणून २०१५ साली भारत सरकारनं ठरवलं, की आखातासह अठरा देशांत नर्स पाठवायची तर ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच. मनिलानं जे चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलं, त्याच वाटेवर आपण उशिरानं आलो. आधीच्या वर्षी, २०१४ मध्ये, इराकमधल्या तिक्रीतला ४६ भारतीय नर्सेस युद्धात अडकल्या होत्या. सुखरूप परत आल्यावर त्यांतल्या काहींची पहिली काळजी होती ती घरच्या कर्जाची.

बेंगळुरूला येणाऱ्या

आता येणाऱ्या. म्हणजे जयनगरच्या आजींजवळची ती सुंदरगडची मुलगी. तिला पासपोर्ट लागत नाही, देश तोच आहे. पण भाषा नवी, जेवण नवं, माणसं नवी. ती हिंदी थोडी बोलते, आजी मराठी आणि कन्नड. पहिले आठ दिवस दोघी खुणांनी बोलतात.

ब्युरो घरमालकाकडून पैसे घेतो आणि त्यातला आपला वाटा काढून तिला देतो. अनेकदा तिला ठाऊकच नसतं की आजींचा मुलगा किती देतो. तिचं आधार कार्ड ब्युरोकडे ‘व्हेरिफिकेशनला’ असतं. आयांच्या घरातलं ते तिकीट आठवलं का?

कायदा काय म्हणतो? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ साली झाला. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आणि कंत्राटदारांसाठी होता. एका घरात एकटी असलेली बाई त्यात बसत नव्हती. घर म्हणजे कारखाना नाही, असं आपण म्हणतो. म्हणजे पुन्हा तेच : खासगी मामला.

हे मोडायचा प्रयत्न आपल्याच लोकांनी केला आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागितली, आणि त्यातून संघटना उभी राहिली. बेंगळुरूत रूथ मनोरमा यांनी १९८५ मध्ये ‘विमेन्स व्हॉइस’ ही संस्था काढली, झोपडपट्टीतल्या बायकांना आणि घरकामगारांना संघटित केलं. २००६ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा चळवळींमुळे कर्नाटकानं २००४ साली घरकामाचं किमान वेतन जाहीर केलं, देशात अगदी सुरुवातीला ज्यांनी हे केलं त्यांत ते राज्य आहे. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांचा करारनामा संमत केला. फिलिपिन्सनं पुढच्याच वर्षी त्याला कायदेशीर मान्यता दिली. भारतानं बाजूनं मत दिलं, पण मान्यता अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करा.

नातं आणि कागद

शेवटी एक गोष्ट बोलतो, जी कायद्यात येत नाही.

आपण अशा बाईला ‘मावशी’ म्हणतो. बेंगळुरूत ‘अक्का’ म्हणतात. फिलिपिनो बाईला तिच्या भाषेत ‘आते’, म्हणजे ताई, म्हणतात. आणि आपण अभिमानानं सांगतो, ‘ती आमच्या घरातलीच आहे.’ यात खोटं काही नसतं. आजी रात्री दचकून उठल्या की त्या मुलीचाच हात धरतात. जीव लागतो, दोन्हीकडून लागतो. हॅकनीच्या घरातल्या आयाही साहेबांच्या मुलांची आठवण काढत असणार.

पण इतिहास असं सांगतो, की ‘घरातली’ म्हटलं की पुष्कळदा सुट्टी मागायची चोरी होते, पगार वाढवून मागायची चोरी होते. घरातल्या माणसाला कोणी ओव्हरटाइम देतं का? नातं देताना आपण मोठ्या मनानं देतो, आणि कागद मात्र आपल्या कपाटात ठेवतो. खरं तर उलट हवं. कागद तिच्या हातात असला की नातं आपोआप खरं होतं. कारण मग ती राहते ती राहायचं म्हणून. जाता येत नाही म्हणून नव्हे.

तेव्हा तुमच्या घरी, तुमच्या आई-वडिलांजवळ अशी बाई असेल, तर आज संध्याकाळी एवढंच बघा. तिचं आधार कार्ड कोणाकडे आहे? ब्युरो तिला नक्की किती देतो, हे तुम्हाला आणि तिला, दोघांनाही माहीत आहे का? आठवड्यातला एक दिवस तिचा आहे का, आणि त्या दिवशी आजींजवळ कोण बसेल हे तुम्ही ठरवलं आहे का? रात्री ती सलग किती तास झोपते? आणि गावी पोराला भेटायला जायचं झालं, तर तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात आहेत का?

अँथनी परेरा बाई चोपन्न वेळा समुद्र ओलांडून गेल्या-आल्या. त्यांतल्या किती वेळा परतीचं तिकीट त्यांच्या स्वतःच्या बटव्यात होतं, हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नाही. आपल्या घरातल्या बाईबद्दल मात्र आपल्याला ते विचारता येतं.